कपाटातले शेवट

सकाळी गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढराच खाली आला, तेव्हा मला कळलं की पट्टा पडला. साखर कारखान्याचं गाळप संपलं की आमच्याकडे असंच म्हणतात. सगळा हिवाळा कारखान्याच्या चिमणीची काजळी कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, तुळशीच्या पानांवर बसत असते आणि बायका कारखान्याला शिव्या देत असतात. मग एक दिवस ती यायची थांबते. मळीचा वास मात्र आठवडाभर रेंगाळतो. मोबाइलवर कुणीतरी शेवटच्या बैलगाडीचा व्हिडिओ टाकला होता. बैलांच्या शिंगांना फुगे, हलगी, गुलाल, आणि ऊस ओततात त्या गव्हाणीपाशी आमचीच माणसं नाचत होती. पट्टा पडला आणि मी तिथे नाही, असं यंदा पहिल्यांदाच घडलं. गेल्या पावसाळ्यात मी निवृत्त झालो.

तो व्हिडिओ बघताना बोटांना काहीतरी सवयीचं हवंसं वाटू लागलं. चहा नको होता, तपकीर तर मी कधी ओढली नाही. मग लक्षात आलं की मला पुस्तक हवं होतं. पट्टा पडला की पुस्तक, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की मधली सगळी वर्षं एकही पुस्तक पुरं न होता गेली तरी अंग ते विसरलं नव्हतं.

मी काट्यावर होतो, म्हणजे उसाच्या गाड्यांची वजनं करणारा कारकून. आणि बरीच वर्षं हंगामी होतो. हंगामी माणूस कारखाना चालू असेतो कारखान्याचा, आणि बंद झाला की स्वतःचा. लोक हंगामी म्हटलं की नाक मुरडतात, मुलगी द्यायला कचरतात. माझ्या सासऱ्यांनीही ‘कायम कधी होणार?’ हे विचारूनच अक्षता टाकल्या. पण उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे ते मोकळे महिने काय होते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. दुपारी पंख्याखाली चटईवर पालथं पडावं, ऊन दारातून आत सरकत पुस्तकापर्यंत यावं, आपण पुस्तकासह सरकावं. त्या दिवसांत मी एक ब्लॉग काढला होता. ‘बिगरहंगामी’ त्याचं नाव. वाचलेल्या पुस्तकांवर लिहायचो. कारखान्याचा बॉयलर पेटला की बंद, पट्टा पडला की सुरू.

आणि माझ्याबरोबर वाचायचा सर्जेराव.

सर्जेराव कुंडलचा. घरचा ऊस, दोन म्हशी, थोरला भाऊ सैन्यात, आणि हा कारखान्याच्या यार्डात गाड्यांना नंबर द्यायला, तोही हंगामीच. शाळा जेमतेम झालेली, पण वाचायला बसला की मागून म्हैस सुटून गेली तरी मान वर करायचा नाही. आम्हा दोघांनाही जाड पुस्तकं आवडायची, आणि दोघांत मिळून एकच प्रत घ्यायची असं ठरलेलं. मी कराडचा, तो कुंडलचा, भेट बाजाराच्या दिवशी. आधी कुणी वाचायचं यावरून पहिल्याच उन्हाळ्यात तोंडातोंडी झाली. तेव्हा त्यानेच तोडगा काढला.

“पैरा करू की, गड्या,” तो म्हणाला.

ज्याच्याकडे एकच बैल असतो, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवतो आणि दोघांची शेतं नांगरून होतात, त्याला पैरा म्हणतात. पुस्तकाचा पैरा म्हणजे काय, ते मला त्याने पुस्तक मधोमध उघडून दाखवलं. कराडात एक बाइंडर होते, वह्या आणि पंचांगं शिवायचे. त्यांच्याकडून आम्ही ती कादंबरी शिवणीवर सोडवून दोन भागांत करून घेतली. “लोक पुस्तकं जोडून घ्यायला येतात, तोडायला तुम्हीच,” ते म्हणाले. पण पातं त्यांनी असं फिरवलं की एक पान दुखावलं नाही. दोन्ही तुकड्यांच्या पाठीला त्यांनी साधी कापडी पट्टी लावून दिली.

पहिला भाग मी घेतला. लिहिणारा मी, तेव्हा सुरुवात माझी, असं मी ठरवून टाकलं आणि सर्जेरावाने मान हलवली. तो दुसरा भाग घेऊन गेला, म्हणजे थेट मधूनच वाचू लागला. महिन्याभराने संगमावर भेळ खाता खाता आम्ही भाग बदलले. मी शेवटाकडे गेलो आणि तो सुरुवातीकडे. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात असंच. जो भाग ज्याने शेवटी वाचला तो त्याच्याच घरी राहिला. त्यामुळे माझ्या कपाटात सगळे शेवट आहेत. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, पहिलं पान अधल्यामधल्या वाक्याने सुरू होतं. माझी बायको सुमन त्यांना ‘मुंडकी नसलेली पुस्तकं’ म्हणते. सगळी मुखपृष्ठं, सगळ्या अर्पणपत्रिका आणि सगळ्या सुरुवाती कुंडलला.

एक उन्हाळा मला फार आठवतो. त्या वर्षी नावाड्याच्या घराण्यावरची एक कादंबरी आम्ही कापली होती. ऊन असं होतं की कृष्णेच्या वाळूत पाय ठेवता येत नव्हता. बाजारात हळदीची पोती उतरत होती, कलिंगडाच्या फोडींवर बर्फ ठेवलेला. सर्जेराव आला तो घामाने निथळत, पिशवीत दुसरा भाग, वर कांद्याची पात. भाग बदलले आणि मी सहज विचारलं, कसं वाटलं?

“ह्यो थोरला भाऊ,” तो म्हणाला, “शेवटाला धाकट्याच्या दारात जातो. तहान लागल्याली असती, पर पानी मागत न्हाई. मला वाटलं, ह्याला लहानपनी कुनीतरी पानी नाकारलं असनार. आता पहिला भाग वाचतो आन् हुडकतो, कुनी नाकारलं ते.”

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला तेव्हा चेहरा पडलेला. “कुनीच न्हाई नाकारलं रं. समद्यांनी तांब्या भरून दिला. मग ह्यो असा का? चार दिवस मला जेवन ग्वाड लागंना.”

मी त्या कादंबरीवर ब्लॉगवर लांबलचक लेख लिहिला. भाषा, रचना, निवेदनाची पद्धत, सगळं. आणि शेवटी गंमत म्हणून सर्जेरावाचं हे बोलणं घातलं. माझ्या लेखावर तोवर दोन-तीन ‘छान’, ‘सुंदर’ यायचे. त्या लेखावर लोक तुटून पडले. भाषेवर कुणी बोललं नाही, रचनेवर नाही. सगळे त्या तांब्यावर. फलटणच्या एक बाई होत्या, ब्लॉग नेमाने वाचायच्या. त्यांनी लिहिलं, “तुमचे मित्र फार वेगळं वाचतात. पुढच्या लेखात त्यांचं आणखी येऊ द्या.”

आणखी येऊ द्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेख माझा, ब्लॉग माझा, आठवडाभर मान मोडून मी लिहिलं, आणि हा पिशवीत कांद्याची पात घेऊन येतो अन् एका वाक्यात सगळं उचलून नेतो. पण वाचक हवे होते, म्हणून मूग गिळून पुढच्या लेखात त्याला आणला. त्याच्या पुढच्यातही. असं होत होत ब्लॉग माझा आणि वाचक सर्जेरावाचे, अशी वाटणी होऊन गेली. त्याला हे ठाऊकही नव्हतं. त्याच्याकडे साधा फोन होता आणि मी त्याला कधी सांगितलं नाही.

मला खरा हेवा वाटायचा तो त्याच्या वाचण्याचा. शेवट आधी कळल्यामुळे तो निवांत असायचा. पुढे काय होणार, याची त्याला घाई नव्हती. माणूस असा का झाला एवढंच तो बघत जायचा. मी मात्र सुरुवातीपासून धावत सुटायचो. आणि ही संधी मीच त्याला दिली होती, सुरुवात माझी म्हणून हट्ट धरून. एकदा वाटलंही, यंदा भाग बदलून घेऊ. पण मी सुरुवात सोडतो म्हणायला जीभ रेटली नाही.

मग माझा नंबर लागला आणि मी कायम झालो. सर्जेरावाचा लागला नाही. घरात पेढे वाटले, सासरे फोनवर रडले. कायम माणसाला बिगरहंगाम नसतो, हे मला त्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं. पट्टा पडला की यंत्रं खोलतात, साफसफाई, दुरुस्ती, हिशेबांची जुळवाजुळव. ज्या दुपारी मी चटईवर पालथा असायचो त्या दुपारी मी ऑफिसच्या पंख्याखाली खुर्चीत. त्या वर्षी पट्टा पडल्यावर सर्जेराव पिशवी खांद्याला लावून गेटमधून बाहेर पडला तो मी खिडकीतून बघितला. सगळा कारखाना माझा हेवा करत होता आणि मी त्या पिशवीचा.

त्या उन्हाळ्यात एक पुस्तक आम्ही कापलं खरं, पण माझा भाग माझ्याकडून होईना. बाजाराच्या दिवशी तो आला, संगमावर थांबला, मी गेलो नाही. काम आहे असा निरोप धाडला. पुढच्या हंगामात यार्डात भेटला की, “काय वाचतुयास, कायम?” असं विचारायचा. ‘कायम’ हे नाव त्यानेच मला ठेवलेलं. मी हसून वेळ मारून न्यायचो, मग यार्डाकडून जायचंच टाळायला लागलो. ब्लॉग बंद पडला. सर्जेरावानेही काही वर्षांनी कारखाना सोडला, आणि पुढे आमची भेट लग्नकार्यातच, तीही तोंडदेखली.

मधल्या काळात मी पुस्तकं विकत घेतली नाहीत असं नाही. पगार होता, सांगलीच्या प्रदर्शनातून पिशव्या भरभरून आणली. सगळी अख्खी, सगळी माझी. पण वाचायला बसलो की कुठेतरी मध्यावर हात थांबायचा. कंटाळा यायचा असं म्हणता येणार नाही, चांगलं चाललेलं असायचं. पण मध्यावर आलं की पुस्तक आपोआप मिटायचं आणि मी कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा बसून राहायचो. घरात अशी अर्धी वाचलेली पुस्तकं किती तरी. एक ना धड, भाराभर चिंध्या. काहींचं तर प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. लोक म्हणतात मोबाइलने वाचन खाल्लं. माझ्यापुरतं मला ते पटत नाही. मला अख्खं पुस्तक वाचायची सवयच राहिली नव्हती.

तर त्या संध्याकाळी तो पांढरा सदरा घडी करून ठेवला आणि ब्लॉग उघडला. पासवर्ड आठवेना, मग सुमनच्या वाढदिवसावर तो निघाला. जुने लेख वाचले. माझेच परिच्छेद मी भराभर ओलांडत होतो आणि सर्जेरावाच्या वाक्यांपाशी थांबत होतो, हे लक्षात आल्यावर लॅपटॉप मिटून टाकला. मग पुन्हा उघडला आणि लिहिलं. वाचनाकडे परतताना, माणूस आणि पुस्तक, असं बरंच भारदस्त. सर्जेरावाचं नाव एकदाही येऊ दिलं नाही. सकाळी बघतो तर एक प्रतिक्रिया आलेली. फलटणच्या बाईंची. इतक्या वर्षांनी त्या अजून लक्ष ठेवून होत्या याचा आनंद झाला, तो वाचेपर्यंत टिकला.

“सर्जेराव कसे आहेत?”

एवढंच. मी चहाचा कप असा आपटला की सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने वाचलं आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला.

“चांगलेच आहेत की. हे बघा.”

रील होतं. गोठ्यासमोर बाज, बाजेवर सर्जेराव, टोपी, चष्मा, मागे म्हैस रवंथ करतेय. मोबाइल धरणारीचा आवाज तेवढा येत होता, “मामा, आज कंचं पुस्तक?” आणि सर्जेराव माझ्या कादंबरीबद्दल, नावाड्याच्या त्या कादंबरीबद्दल सांगत होता. हातात तिचा पहिला भाग, बाइंडरची कापडी पट्टी स्पष्ट दिसत होती. माझ्या ब्लॉगला जन्मात आले नसतील इतके लोक खाली बदाम टाकून गेले होते.

“ती त्याची सून, प्राजक्ता,” सुमन म्हणाली. “दोघं मिळून वाचतात म्हणे. सगळ्या पलूस तालुक्यात बघतात ही रीलं. तुम्हालाच माहीत नाही.” मग माझ्या तोंडाकडे बघून हसली. “कुंडलात सवत आली वाटतं तुम्हाला.”

मी हसलो नाही, कारण ती बरोबर बोलली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी सर्जेरावाच्या वाचकांवर जळतो. तसं असतं तर ते बदाम बघून जळलो असतो. पण डोळ्यांत खुपला तो ‘मामा, आज कंचं’ म्हणणारा आवाज. हा माणूस दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाचतोय. मला टाकून वाचतोय. मीच संगमावर गेलो नव्हतो, हे सगळं ठाऊक असूनही तो आवाज मी पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढली. कपाटातले चार-पाच शेवट पिशवीत घातले आणि पिशवी हुकाला अडकवली. नवं, प्लास्टिक न काढलेलं एक पुस्तकही टाकलं. स्वतःला सांगितलं की ब्लॉगसाठी सुरुवाती हव्यात, तेव्हा शेवट देऊन सुरुवाती आणायच्या, जुना नियम आहे. रस्त्याला उसाची रिकामी रानं, पाचट पेटवलेलं, कुठे फुटवे आलेले. द्राक्षबागांपाशी बेदाण्याची शेड, जाळ्यांवर पसरलेले मणी. सगळा रस्ता मी सर्जेरावाला काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात टोमणा येत होता.

“ये रं, कायम,” बाजेवरूनच तो म्हणाला. जणू कालच बाजाराला भेटलो होतो. “वाळलास की. बस. प्राजक्ता, च्या टाक गं, कराडवालं काका आल्यात.”

पिशवी मी स्कूटरलाच राहू दिली. ओसरीवर फळी होती, फळीवर सगळ्या सुरुवाती ओळीने. मुखपृष्ठं प्लास्टिकमध्ये घातलेली, एकावरही धूळ नाही. माझे शेवट घरी कोणत्या अवस्थेत आहेत ते आठवलं.

प्राजक्ता चहा घेऊन आली. पंचविशीची, तोंडाने चुरचुरीत. “काका, तुमीच का ते? मामा रोज नाव काढत्यात.”

“नाव काढतो?” मी म्हणालो. “रीलात तर कधी ऐकलं नाही.”

“रीलात कशाला?” ती म्हणाली. “पर काका, खरं सांगा, त्या नावाड्याच्या गोष्टीचा शेवट काय हाय? मामा दर टायमाला येगळा सांगत्यात. एकदा थोरला पानी पितो, एकदा तसाच माघारी जातो, एकदा धाकटाच त्याला तांब्या देतो. मी म्हनलं, अख्खं पुस्तक ऑनलाइन मागवते, चार दिवसांत येतंय. तर न्हाईच म्हनत्यात. कवापास्नं मागं लागलीया मी. म्हनत्यात, दुसरा भाग कराडला हाय. तो आला की घिऊ.”

मी सर्जेरावाकडे बघितलं. तो म्हशीकडे बघत होता.

“लय बोलती ही,” तो म्हणाला. “च्या निवंल, पी.”

मी चहा प्यायलो. जुळवून आणलेले बाकीचे टोमणे तसेच राहिले. रिकामा कप ठेवला, उठलो आणि स्कूटरच्या हुकावरची पिशवी काढून आणली. प्राजक्ताने पिशवीत हात घातला, नावाड्याचा शेवट ओळखून बाहेर ओढला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून वाचायला लागली. आम्ही आहोत की नाही याची तिला शुद्ध राहिली नाही. अगदी सर्जेरावासारखी बसली होती.

तिचा हेवा वाटलाच. ती सगळं ओळीने वाचणार, सुरुवात आणि शेवट एका बैठकीत. आम्हा दोघांना ते कधी मिळालं नव्हतं. माझा स्वभाव काही एका चहाने बदलत नाही.

“तिचं तिला वाचू दे,” सर्जेराव म्हणाला. “आपल्याला नवं काय आनलंयस का?”

मी प्लास्टिकमधलं पुस्तक पुढे केलं. कराडचे बाइंडर आता नाहीत, त्यांच्या दुकानात झेरॉक्सचं यंत्र आहे. आणि आजकालची पुस्तकं शिवलेली नसतात, डिंकाने चिकटवलेली असतात. सर्जेरावाने प्लास्टिक दातांनी फाडलं, पुस्तक मधोमध उघडलं, उसाचं कांडं मोडावं तसं गुडघ्यावर ठेवून दाबलं आणि दोन भाग केले. दोन-चार पानं दुखावली.

मी सवयीने पहिल्या भागाकडे हात नेला.

“न्हाई,” तो म्हणाला. “लय वर्सं सुरुवात खाल्लीस तू. आता ह्यो मला.”

दोन रात्री झाल्या, मी तो दुसरा भाग वाचतोय. कोण कुणाचा कोण, काही कळत नाही. एक बाई आहे, ती कुणावर तरी रागावून घर सोडून चालली आहे. कुणावर ते मला माहीत नाही, कारण भांडण पहिल्या भागात झालेलं असणार. सर्जेरावाला ते ठाऊक आहे आणि तो सांगणार नाही, या विचाराने मी चरफडतो. फोन करावासा वाटतो, पण नियम आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं. ती बाई रस्त्याने जाताना प्रत्येक दाराकडे वळून बघते. का बघते, यावर मी काल जेवताना इतका विचार करत होतो की सुमनने वाढलेली भाकरी ताटात तशीच राहिली.

पुस्तकाच्या मध्यावर माझा हात थांबायचा. या पुस्तकाचा मध्य मी बघितलेलाच नाही, त्यामुळे थांबायची जागाच सापडत नाही आणि मी वाचत सुटलोय.

आज ब्लॉगवर नवा लेख सुरू केला. फलटणच्या बाई वाट बघत असतील, त्यांनी विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आहे. पहिलं वाक्य तेवढं लिहून झालं आहे:

‘या पुस्तकाची सुरुवात मला माहीत नाही. ती कुंडलला आहे.’